विंडोज ट्वीकर वापरताना: सांगली-मिरजेकडनं वारंवार येणारे प्रश्न

मार्केट यार्डातल्या पेढ्या, कुपवाडच्या एमआयडीसीतली ऑफिसं, विश्रामबागेतली इंजिनिअरिंगची पोरं आणि डीटीपीवाले, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न आले तशाच भाषेत ठेवलेत, फक्त नावं काढलीत. सगळं विंडोज १० आणि ११ बद्दल आहे.

१. ट्वीकर म्हणजे नक्की काय ओ? क्लीनर, बूस्टर, ट्वीकर सगळं एकच का?

एक नाही. विंडोजमध्ये शेकडो सेटिंग अशी आहेत जी नेहमीच्या सेटिंगच्या पानावर दिसतच नाहीत, ती रजिस्ट्रीत (विंडोज आपली सगळी सेटिंग साठवतं ती जागा), सर्व्हिसेसमध्ये (मागं गुपचूप चालणारे प्रोग्राम) नाहीतर शेड्यूल्ड टास्कमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) दडलेली असतात. ट्वीकर त्यांना समोर आणून टिकमार्क लावायची सोय करतो, बास. त्याच्याकडं स्वतःची वेगळी जादू काही नसते, तो बदलतो ते तुम्ही हातानंही बदलू शकता. खुद्द मायक्रोसॉफ्टनं विंडोज ९५ च्या जमान्यात पॉवरटॉइजमध्ये ट्वीक-यूआय नावाचं असलंच एक साधन दिलं होतं.

क्लीनर फायली पुसतो. आणि बूस्टर म्हणजे बहुतेक वेळा लाल अक्षरात "९८७ प्रॉब्लेम सापडले" दाखवून पैसे मागणारा प्रकार, त्याच्या नादाला लागू नका.

२. दादा, खरं सांगा, ट्वीक करून मशीन फास्ट होतंय का?

थोडंफार. आणि ते पण मशीन मुळात बरं असेल तर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, तिथं परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. मशीन चालू केल्यावर दहा-दहा मिनिटं डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर कुठलाही ट्वीकर काही करू शकत नाही, एसएसडी (न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क) टाका, विषय संपला. रॅम ४ जीबी असेल आणि क्रोममध्ये वीस टॅब उघडत असाल तर रॅम वाढवा. हे सांगितलं की लोक नाराज होतात कारण ट्वीकर फुकट असतो आणि एसएसडीला पैसे पडतात.

ट्वीकरचा खरा उपयोग वेगापेक्षा मनासारखं करून घ्यायला जास्त आहे. स्टार्ट मेनूतल्या जाहिराती घालवणं, विंडोज ११ चा अर्धवट राइट-क्लिक मेनू काढून जुना पूर्ण मेनू आणणं, लॉक स्क्रीनवरच्या फालतू टिप्स बंद करणं, मायक्रोसॉफ्टला जाणारी माहिती कमी करणं. या कामांना तो एक नंबर.

३. काही डाउनलोड न करता आधी काय करता येईल?

बरंच. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप अ‍ॅप्सची यादी असते, तिथं प्रिंटर कंपनीचे मदतनीस, चॅटची अ‍ॅप्स, गेमचे लाँचर असलं जे जे सकाळी सकाळी उठून बसतंय ते बंद करा. अँटीव्हायरस, साउंड आणि टचपॅडचं राहू द्या. मग सेटिंगमध्ये स्टोरेज सेन्स चालू करा, टेम्पररी कचरा तोच काढतो.

आणि एक गोष्ट जी दहातल्या आठ जणांना माहीत नसते: शटडाऊन केलं म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतंच असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलून आणतं. परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथं खाली अप टाइम बघा, रोज रात्री बंद होणारं मशीन तिथं पंधरा-वीस दिवस सलग चालू दिसेल. रिस्टार्ट केल्यावरच ते शून्यावर येतं. त्यामुळं मशीन जड झालं की आधी रिस्टार्ट, मग ट्वीकरचा विचार.

४. मग भरवशाचं कुठलं घेऊ? नावं सांगा.

तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे.

दिसणं-वागणं बदलायचंय तर विनएरो ट्वीकर किंवा अल्टिमेट विंडोज ट्वीकर. दोन्ही फुकट आहेत. दुसऱ्याची विंडोज १० साठी चौथी आणि ११ साठी पाचवी आवृत्ती आहे, ती अदलाबदल करून चालवू नका. प्रायव्हसीसाठी ओ अँड ओ शटअप-१०, इन्स्टॉल करावं लागत नाही, प्रत्येक सेटिंगपुढं ते बदलणं शिफारशीचं आहे का जपून करायचं ते लिहिलेलं असतं, तिथं फक्त शिफारस केलेल्यांवर थांबा. स्टार्टअपला नक्की काय काय घुसलंय ते मुळापासून बघायचं तर ऑटोरन्स. हे सिसइंटरनल्सचं आहे, जे मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये विकत घेतलं. त्यात डिलीट करू नका, नुसती टिक काढा, म्हणजे परत लावता येते.

आणि २०१९ पासून मायक्रोसॉफ्टनं पॉवरटॉइज परत सुरू केलंय. त्यात सिस्टीमच्या आत फारशी ढवळाढवळ नाही, खिडक्या लावणं, एकदम शंभर फोटोंची नावं बदलणं, कीबोर्डची बिघडलेली की दुसऱ्या कीवर नेणं असली कामं आहेत. नवख्या माणसानं इथनं सुरुवात करावी असं माझं मत.

५. डाउनलोड करताना खरं कुठलं, खोटं कुठलं कसं कळणार?

बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरनं घ्या. टेलिग्राम ग्रुप, व्हिडिओखालची लिंक, मित्राचा पेनड्राइव्ह यातलं काही नको. मूळ साइटवर पण हिरवी मोठी डाउनलोडची बटणं बऱ्याचदा जाहिराती असतात, खरी लिंक बारीक अक्षरात बाजूला बसलेली असते. फाइल आल्यावर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, आणि डिजिटल सिग्नेचरचा (फाइल कुणी बनवली त्याची खूण) टॅब बघा. व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाकून बघा, तिथं पन्नासच्या वर अँटीव्हायरस एकदम तपासतात. एखाद-दुसऱ्यानं लाल दाखवलं तर ट्वीकरच्या बाबतीत ते चालतं कारण सिस्टीमला हात घालणाऱ्या साधनांवर संशय घेणं त्यांचं कामच आहे, पण वीस जणांनी दाखवलं तर फाइल उडवा.

एवढं करूनही शंभर टक्के खात्री नसते. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत हॅकर्सनी बॅकडोअर (मशीनमध्ये शिरायची चोरवाट) घुसवला होता, तो पण कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरनं, अस्सल सिग्नेचरसकट गेला, आणि सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोचला. म्हणून असली साधनं मोजकी ठेवा आणि काम झालं की काढून टाका. काढायची पण एक पद्धत आहे, प्रश्न १६ बघा.

६. ट्वीक करायच्या आधी काय काय करून ठेवायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात आणि सगळ्यात जास्त लोकांना नंतर आठवतो.

पहिलं, रिस्टोअर पॉइंट, म्हणजे सिस्टीमच्या आत्ताच्या स्थितीची नोंद, बिघडलं तर तिथं परत जाता येतं. सर्चमध्ये क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट टाइप करा, उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ऑन आहे का बघा. बऱ्याच मशीनवर ते ऑफच असतं आणि लोक वर्षभर समजून चाललेले असतात की आपल्याकडं पॉइंट आहेत. ऑन करा, पाच-दहा टक्के जागा द्या, मग तिथल्याच बटणानं पॉइंट बनवा आणि नावात तारीख टाका. ट्वीकरमध्ये पण असं बटण असतं पण गेल्या २४ तासांत एखादा पॉइंट झालेला असेल तर विंडोज दुसरा बनवायचं बऱ्याचदा गुपचूप टाळतं, म्हणून हातानं बनवलेला बरा.

दुसरं, रिस्टोअर पॉइंट म्हणजे बॅकअप नव्हे. तो सिस्टीम मागं नेतो, तुमच्या फायली त्यात नसतात. टॅलीचा डेटा, मुलांचे फोटो, प्रोजेक्ट रिपोर्ट हे बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आणि ती डिस्क मशीनशेजारच्या खणात ठेवू नका. २०१९ च्या महापुरात गावभाग, मारुती रोड, टिळक चौक भागात कित्येक दुकानांत मशीन आणि बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात गेली.

तिसरं, रिकव्हरी की. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं) न सांगता चालू झालेलं असतं. बायोसला (विंडोजच्या आधी चालणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) किंवा बूटला (मशीन सुरू व्हायच्या सेटिंगना) हात लागला की मशीन ४८ आकडी की मागतं, ती नसेल तर डेटा मिळत नाही, कुठल्याही दुकानात मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती बघा आणि कागदावर लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून उपयोग काय.

चौथं, वही. हसू नका. काय बदललं, आधी काय होतं, तारीख. एका वेळी एक किंवा दोनच बदल करा, रिस्टार्ट करा, एक-दोन दिवस रोजचं काम करून बघा, मग पुढचा. एकदम चाळीस टिका लावल्या आणि स्कॅनर बंद पडला तर चाळीसातली कुठली ते शोधत बसाल.

लाइट जायची वेळ असेल तर यूपीएस नसलेल्या मशीनवर हे काम काढूच नका.

७. रजिस्ट्री क्लीनर चालवू का? ३००० एरर दाखवतोय.

नको. रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात, त्यातल्या काही हजार जुन्या पडून राहिल्या म्हणून वेगात फरक पडत नाही. चुकून कामाची एक उडाली तर मात्र प्रोग्राम उघडत नाही. मायक्रोसॉफ्टनं पण स्पष्ट म्हटलंय की असल्या क्लीनरना त्यांचा पाठिंबा नाही.

८. आणि रॅम बूस्टर?

एसटीतल्या बसलेल्या लोकांना खाली उतरवायचं, गाडी रिकामी झाली म्हणायचं, आणि पुढच्या स्टॉपवर तेच लोक परत चढवायचे, तसला प्रकार आहे. आकडा कमी दिसतो, मग प्रोग्राम आपला डेटा डिस्कवरनं परत ओढतात आणि मशीन आणखी अडखळतं. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती फाइल) बंद करायचा सल्ला पण याच पठडीतला, ऐकू नका.

९. नेटवर "या ३० सर्व्हिसेस बंद करा" अशी यादी मिळाली. सगळ्या बंद करू?

इथंच सगळ्यात जास्त घोळ होतात. या याद्या बहुतेक परदेशातल्या गेमिंगवाल्यांनी केलेल्या असतात. त्याच्या घरी प्रिंटर नाही, डिजिटल सही नाही, दुसरी भाषा नाही. तुमच्याकडं तिन्ही आहेत.

प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस. २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी त्रुटी सापडली तेव्हा दुरुस्ती येईपर्यंत ही सर्व्हिस बंद ठेवायचा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टनं दिला होता, तिथनं ती सगळ्या यादीत कायमची जाऊन बसली. आता यार्डातली अडत पेढी डोळ्यासमोर आणा, हळदीचा सौदा झालाय, शेतकरी पट्टी घ्यायला काउंटरला उभा आहे आणि प्रिंटचं बटण दाबल्यावर यादीत एकपण प्रिंटर नाही. लोक केबल बदलतात, ड्रायव्हर परत टाकतात, प्रिंटर उचलून रिपेअरला नेतात. सर्व्हिसेस उघडून प्रिंट स्पूलर ऑटोमॅटिक करा आणि स्टार्ट करा, तेवढंच काम असतं.

स्मार्ट कार्ड. यादीत लिहिलेलं असतं की तुमच्याकडं स्मार्ट कार्ड नाही म्हणून बंद करा. पण डीएससीचं (डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं) यूएसबी टोकन विंडोजच्या नजरेत स्मार्ट कार्डच असतं. ही सर्व्हिस डिसेबल केली की ई-टेंडर आणि जीएसटीच्या वेळी टोकन लावलेलं असून सर्टिफिकेट दिसत नाही. आणि हे नेमकं शेवटच्या तारखेला संध्याकाळी कळतं.

सिसमेन, जिला आधी सुपरफेच म्हणायचे, नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सर्व्हिस. जुन्या हार्डडिस्कवर कधी कधी बंद करून फरक जाणवतो, एसएसडीवर तसा काही नाही. विंडोज सर्च बंद केली तर आउटलूकमधला जुन्या मेलचा शोध मंदावतो किंवा अर्धवट होतो, ते चालत असेल तर करा.

नियम एकच ठेवा: एखादी सर्व्हिस नको वाटली तरी डिसेबल करू नका, मॅन्युअल करा. गरज पडली तर विंडोजला ती उठवता येते. डिसेबल केली की नाही येत.

१०. ट्वीक केल्यापासनं मराठी टायपिंगच बंद पडलंय. विंडोज आणि स्पेसबार दाबून काही होत नाही.

प्रश्न ९ मधलाच प्रकार, पण एवढ्या जणांनी विचारलाय की वेगळा घेतला. यादीत टच कीबोर्ड अँड हँडरायटिंग पॅनल नावाची सर्व्हिस असते, विंडोज ११ मध्ये तिचंच नाव टेक्स्ट इनपुट मॅनेजमेंट. नाव वाचून वाटतं की आपल्याकडं टचस्क्रीन नाही, काय करायची. पण भाषा बदलणं, मराठी फोनेटिक, कधी कधी स्टार्ट मेनूत टाइप करणं पण तिच्यावर आणि सीटीएफमॉन नावाच्या छोट्या प्रोग्रामवर चालतं. सर्व्हिस परत चालू करा, स्टार्टअपमधनं सीटीएफमॉन काढला असेल तर परत लावा, रिस्टार्ट करा. मग लँग्वेजमध्ये मराठी आहे का बघा, काही स्क्रिप्ट (एकामागून एक बदल आपोआप करणाऱ्या तयार आज्ञा) "न वापरलेल्या भाषा" म्हणून तीच काढतात.

लग्नपत्रिका आणि बॅनरवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. "न वापरलेले फॉन्ट काढा" असं कुठं दिसलं तर हात लावू नका. जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये केलेली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की सगळी पत्रिका इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसते. मजकूर गेलेला नसतो, फॉन्ट परत टाकला की येतो, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना हे सुचत नाही.

११. अपडेट कायमचं बंद करायचंय, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवतो, डेटा संपतो.

डेटाचा प्रश्न असेल तर अपडेट मारायची गरज नाही. त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा, मोठी डाउनलोड बहुतेक थांबतात. सेटिंगमधनं पाच आठवड्यांपर्यंत पॉज पण करता येतं. ट्वीकरनं सर्व्हिसच तोडली तर सिक्युरिटीच्या दुरुस्त्या येत नाहीत आणि नंतर स्टोअरमधनं काही घ्यायला गेलं की अडतं.

विंडोज १० वाल्यांनो, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. घरगुती मशीनला नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट घेता येतात, ती तरी घ्या. बँकिंग करत असाल तर जास्तच.

१२. गेमिंगसाठी डिफेंडर आणि मेमरी इंटिग्रिटी बंद केली तर एफपीएस वाढेल का भाई?

डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद करू नको. गेमचा फोल्डर त्याच्या एक्सक्लूजनमध्ये (न तपासायच्या यादीत) टाकता येतो, तो पण गेम अस्सल असेल तरच, क्रॅकचा फोल्डर एक्सक्लूजनमध्ये टाकणं म्हणजे आमंत्रण आहे.

मेमरी इंटिग्रिटीची (घातक कोड विंडोजच्या गाभ्यात घुसू न देणारं संरक्षण) गोष्ट वेगळी. ती बंद केल्यावर काही मशीनवर एफपीएसमध्ये (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्यात) खरंच थोडा फरक पडतो आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच सांगितलं होतं की गेमरनी हवं तर खेळताना बंद करावी आणि नंतर परत चालू करावी. ते "नंतर परत चालू" कुणी करत नाही. सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा) आणि टीपीएमला (सुरक्षेची चिप) मात्र हात लावू नको, व्हॅलरंटसारखे गेम विंडोज ११ वर त्याशिवाय सुरूच होत नाहीत. त्याआधी लॅपटॉपचा फॅन साफ कर आणि चार्जर लावून पॉवर मोड वाढव, हॉस्टेलमधल्या निम्म्या लॅपटॉपचा एफपीएस धुळीनं खाल्लेला असतो.

१३. पॉवरशेलमध्ये एक ओळ पेस्ट करायची, सगळं ब्लोट जातं म्हणे. करू का?

पॉवरशेल म्हणजे हुकूम टाइप करून चालवायची विंडोजची खिडकी आणि ब्लोट म्हणजे आधीपासनं भरलेली नको असलेली सामग्री. ती ओळ नेटवरनं एक स्क्रिप्ट ओढते आणि अ‍ॅडमिनच्या अधिकारानं लगेच चालवते. आज त्या पत्त्यावर जे असेल ते चालेल, उद्या वेगळं असेल तर ते. नावाजलेल्या स्क्रिप्ट आहेत, त्यांचा कोड उघडा असतो, पण तुम्ही तो वाचणार नसाल तर कुणाच्या तरी शब्दावरच चाललात. नको असलेली अ‍ॅप्स स्टार्ट मेनूत राइट-क्लिक करून अनइन्स्टॉल होतात, अर्ध्या तासाचं काम आहे.

स्क्रिप्ट वापरलीच तर तीन गोष्टी वाचवा: मायक्रोसॉफ्ट स्टोअर, वेबव्ह्यू-२ (प्रोग्रामच्या आत वेबपान दाखवणारा भाग) आणि व्हिज्युअल सी++ चे पॅकेज (बऱ्याच प्रोग्रामना चालायला लागणाऱ्या फायली). वेबव्ह्यू-२ काढलं की टीम्ससारखी बरीच अ‍ॅप्स पांढरी खिडकी दाखवून बसतात. दुकानातनं मिळणारी तयार "लाइट" विंडोज हा पण याचाच मोठा भाऊ, त्यात काय काढलंय आणि काय घातलंय ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. धंद्याच्या मशीनवर अजिबात नको.

१४. घरचा लॅपटॉप आहे तरी सेटिंगमध्ये "तुमची ऑर्गनायझेशन मॅनेज करतीय" असं दाखवतंय. हॅक झाला का?

ट्वीकर चालवला असेल तर बहुतेक नाही. ट्वीकर काही सेटिंग पॉलिसीच्या मार्गानं लावतात, जो मार्ग कंपन्या आपल्या मशीनसाठी वापरतात, म्हणून विंडोज तसं लिहितं. ट्वीकरमध्ये ते सेटिंग मूळ जागी नेलं की ओळ जाते. ट्वीकर कधीच चालवलेला नसेल आणि ब्राउझरमध्ये पण असं दिसत असेल, सर्च इंजिन आपोआप बदललं असेल, तर मात्र पूर्ण स्कॅन करा.

आणि लॅपटॉप खरंच कंपनीचा, कॉलेजचा किंवा पतसंस्थेचा असेल तर यातलं काहीच करू नका, त्यांच्या आयटीवाल्याला सांगा.

१५. विंडोजच सुरू होईना. आता?

घाबरून लगेच फॉरमॅट करू नका. सुरू होताना पॉवर बटण दाबून धरून दोन-तीनदा बंद केलं की विंडोज स्वतः रिकव्हरीच्या निळ्या पानावर जातं. लॉगिनचं पान येत असेल तर शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, तिथंच पोचाल. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, मग सिस्टीम रिस्टोअर, आणि प्रश्न ६ मध्ये बनवलेला पॉइंट. पॉइंट नसेल तर सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू होतं तो प्रकार) जाऊन वहीतला शेवटचा बदल उलटा करा. नुसतं टास्कबार गायब होऊन स्क्रीन सारखी लुकलुकत असेल आणि टास्कबार बदलणारं एखादं साधन टाकलेलं असेल तर दोषी तेच आहे, विंडोजचं मोठं अपडेट आलं की ही साधनं मोडतात. सेफ मोडमधनं ते काढा. म्हणूनच मोठ्या अपडेटच्या आधी ते काढून ठेवायचं आणि नवी आवृत्ती आल्यावर परत टाकायचं.

मोठ्या अपडेटनंतरच बिघडलं असेल तर साधारण दहा दिवस मागं जायची सोय असते, त्यानंतर जुन्या फायली विंडोज स्वतः पुसतं. त्या दहा दिवसांत जागा करायला म्हणून विंडोज डॉट ओल्ड (त्या जुन्या फायलींचा फोल्डर) उडवू नका.

१६. ट्वीकर अनइन्स्टॉल केला तरी बदल तसेच राहिलेत, असं कसं?

कारण बदल ट्वीकरमध्ये नसतात, विंडोजच्या रजिस्ट्रीत असतात. बटण दाबणारा गेला म्हणून दिवा विझत नाही. आधी ट्वीकरमध्येच डिफॉल्टवर न्यायचं, रिस्टार्ट करायचं, मग तो काढायचा. आधीच काढून बसला असाल तर तोच ट्वीकर, शक्यतो तीच आवृत्ती, परत टाका, बहुतेकांना मशीनवरची सध्याची स्थिती वाचता येते आणि रीसेटची सोय असते. दोन वेगवेगळे ट्वीकर वापरले असतील तर शेवटी वापरलेल्यापासनं उलटं या, कारण पहिल्याला "आधीचं" म्हणून जे आठवतंय ते दुसऱ्यानं मधेच बदललेलं असू शकतं.